एमएचटी-सीईटीची तयारी करून घेताना: नव्वद मिनिटांचा हिशोब

प्रश्न घरी दिला तर सुटतो, पेपरात राहून जातो. बारावी सायन्सच्या मुलांची सीईटीतली, म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेतली, खरी अडचण बहुतेक वेळा एवढीच असते. अभ्यासक्रम ठरलेला, पुस्तकं हातात, क्लास लावलेला, तरी ९० मिनिटं संपतात तेव्हा पंधरा-वीस प्रश्न पाहिलेलेही नसतात. ज्युनिअर कॉलेजात शिकवणारे शिक्षक आणि घरी मुलांच्या वेळापत्रकावर लक्ष ठेवणारे पालक यांनी नेमकं काय करून घ्यायचं, कशात वेळ जातो आणि का जातो, ते इथे लिहिलं आहे.

पेपरची रचना आणि तिचे परिणाम

पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटाचा पेपर २०० गुणांचा आणि तीन तासांचा. पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. पुढच्या ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. पीसीबीला (गणिताऐवजी बायोलॉजी) दुसऱ्या भागात बायोलॉजीचे १०० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. प्रत्येक विषयात साधारण २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा, म्हणजे ५० पैकी १० प्रश्न अकरावीचे. निगेटिव्ह मार्किंग नाही.

पहिली ९० मिनिटं संपली की तो भाग आपोआप बंद होतो आणि गणित किंवा बायोलॉजी उघडते. परत मागे जाता येत नाही. त्यामुळे केमिस्ट्रीत वाचवलेला वेळ गणिताला देता येत नाही, पण फिजिक्सला देता येतो. पहिल्या भागात प्रश्नामागे सरासरी ५४ सेकंद मिळतात, गणितात १०८ सेकंद. फिजिक्सचं न्यूमेरिकल ५४ सेकंदांत सुटणं कठीण. तो वेळ केमिस्ट्रीच्या थिअरीच्या प्रश्नांतूनच काढावा लागतो. म्हणून पीसीएमच्या मुलाला केमिस्ट्री नुसती येऊन भागत नाही, ती झटपट यावी लागते.

सीईटी कक्षाच्या सूचनेनुसार गणित, फिजिक्स आणि केमिस्ट्रीची काठिण्यपातळी जेईई मेनइतकी, बायोलॉजीची नीटइतकी. अभ्यासक्रम मात्र राज्य मंडळाचा. यातून दोन गैरसमज होतात. काही मुलं घाबरून राज्य मंडळाचं पुस्तक बाजूला ठेवतात आणि जाडजूड जेईईची पुस्तकं घेतात. काही मुलं उलट ‘बोर्डाचं झालं की सीईटी झाली’ असं धरून चालतात. आधी राज्य मंडळाचं पुस्तक ओळीओळीने वाचावं, मग त्याच प्रकरणावर एमसीक्यू, म्हणजे पर्यायांचे प्रश्न, सोडवावेत. हा क्रम उलटला की अभ्यास पातळ होतो.

फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीला मराठी किंवा उर्दू माध्यम निवडता येतं. गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. मराठीतून पेपर देणाऱ्या मुलांना गणितातले ‘ॲट लीस्ट’, ‘ॲट मोस्ट’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘एक्सेप्ट’ हे शब्द वाचताक्षणी कळतील इतका सराव आधीपासून द्यावा.

अकरावी वेगळी काढू नका

बहुतेक कॉलेजांत अकरावीचा भाग शेवटच्या महिन्यात ‘रिव्हिजन’ म्हणून उरकला जातो. तोवर मुलं तो विसरलेली असतात आणि दहा-दहा प्रश्न हातचे जातात. त्याऐवजी अकरावीचं प्रकरण बारावीच्या जवळच्या प्रकरणाला जोडून शिकवावं. अभ्यासक्रमात अकरावीची निवडक प्रकरणंच आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना बारावीत जोडीदार आहे.

फिजिक्समध्ये साउंडनंतर लगेच सुपरपोझिशन ऑफ वेव्हज, ऑप्टिक्सनंतर वेव्ह ऑप्टिक्स, थर्मल प्रॉपर्टीजनंतर कायनेटिक थिअरी आणि थर्मोडायनॅमिक्स. इलेक्ट्रोस्टॅटिक्स आणि सेमीकंडक्टर तर दोन्ही वर्षांत आहेतच. लॉज ऑफ मोशन आणि मोशन इन अ प्लेन रोटेशनल डायनॅमिक्सच्या आधी घ्यावेत, कारण वर्तुळाकार गती आणि मोमेंटम कच्चं असेल तर रोटेशन कधीच बसत नाही. ग्रॅव्हिटेशन तेवढं एकटं राहतं. ते दिवाळीच्या सुट्टीत द्यावं.

केमिस्ट्रीत रेडॉक्स रिॲक्शन इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या आधी, केमिकल बाँडिंग कोऑर्डिनेशन कंपाउंड्सच्या आधी. हायड्रोकार्बन आणि ऑर्गॅनिकची मूलतत्त्वं हॅलोजन डेरिव्हेटिव्हच्या आधी. गणितात लिमिट्स आणि कंटिन्युइटी डिफरन्सिएशनच्या आधी, स्ट्रेट लाइन पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्सच्या आधी, पर्म्युटेशन आणि प्रोबॅबिलिटी बायनॉमियल डिस्ट्रिब्यूशनच्या आधी. ट्रिगनॉमेट्रीची सूत्रं मात्र जूनच्या पहिल्याच आठवड्यात पाठ करून घ्यावीत आणि दर सोमवारी दहा मिनिटं तोंडी विचारावीत. ट्रिगनॉमेट्रिक फंक्शन्स, इंटिग्रेशन आणि कॉम्प्लेक्स नंबर्स या तिन्ही ठिकाणी मूल अडतं ते याच सूत्रांपाशी.

जेईईची किंवा सीबीएसईची मुलं सीईटीला बसत असतील तर त्यांच्याकडे वेगळं लक्ष द्यावं. गणितातलं मॅथेमॅटिकल लॉजिक आणि पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स सीबीएसईच्या पुस्तकात नाहीत. लिनिअर प्रोग्रॅमिंग जेईई मेनमध्ये नाही. केमिस्ट्रीतलं सॉलिड स्टेट आणि पॉलिमर एनसीईआरटीच्या पुस्तकातून वगळले गेले, पण राज्य मंडळाच्या पुस्तकात आहेत. ग्रीन केमिस्ट्री आणि नॅनोकेमिस्ट्रीचं स्वतंत्र प्रकरणही आहे. हे भाग सोपे आहेत, आठवडाभरात होतात. एरवी हुशार असलेलं मूल इथले सरळ प्रश्न सोडून येतं तेव्हा फार वाईट वाटतं.

वर्षाचं वेळापत्रक

जून ते नोव्हेंबर प्रकरणवार अभ्यास. प्रत्येक प्रकरण संपल्यावर त्याच आठवड्यात ५० प्रश्नांची चाचणी घ्यावी: फिजिक्स किंवा केमिस्ट्री असेल तर ४५ मिनिटं, गणित असेल तर ९०. घड्याळ पहिल्या दिवसापासून लावावं. ‘आधी समजू दे, वेग नंतर’ हे शिकवताना ठीक, पण चाचणी विनावेळेची घेतली की मुलांना सावकाश सोडवण्याची सवय लागते आणि ती मार्चमध्ये मोडता येत नाही.

जुलैपासून दर रविवारी एक ९० मिनिटांचा भाग, एका रविवारी फिजिक्स-केमिस्ट्री, पुढच्या रविवारी गणित. झालेल्या सर्व प्रकरणांवर. डिसेंबर-जानेवारीत कॉलेजच्या प्रिलिम आणि प्रॅक्टिकल, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड. या काळात सीईटीचे पूर्ण पेपर थांबवावेत. रोज रात्री २० मिनिटं सूत्रं आणि रिॲक्शन चाळणं एवढंच ठेवावं.

बोर्ड दुय्यम समजू नका. इंजिनिअरिंगच्या पात्रतेसाठी बारावीला पीसीएममध्ये खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के आणि महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. पर्सेंटाइल उत्तम आणि एका विषयात नापास अशी वेळ आली तर सीईटीचे गुण वाया जातात. शिवाय बोर्डासाठी डेरिव्हेशन लिहिताना जे समजतं ते एमसीक्यूमधून समजत नाही. बोर्डाचा अभ्यास मनापासून केलेल्या मुलाची अर्धी सीईटी तिथेच होते.

बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की एक दिवस पूर्ण सुट्टी. त्यानंतर दोन दिवसांचं चक्र: पहिल्या दिवशी तीन तासांचा पूर्ण पेपर आणि त्याचं विश्लेषण, दुसऱ्या दिवशी त्यातून निघालेल्या कच्च्या प्रकरणांचा अभ्यास. महिनाभर मिळाला तर बारा-तेरा पूर्ण पेपर होतात आणि तेवढे पुरतात. रोज एक पेपर देणाऱ्या मुलाचा आत्मविश्वास वाढल्यासारखा दिसतो, पण त्याच त्या चुका पुन्हा होतात, कारण त्या दुरुस्त करायला दिवसच उरत नाही.

केमिस्ट्री: पस्तीस मिनिटांत पन्नास प्रश्न

यातले निम्म्याहून अधिक प्रश्न वाचून वीस-पंचवीस सेकंदांत उत्तर द्यायचे असतात. ते पुस्तकातल्या वाक्यांवर, तक्त्यांवर आणि चौकटींवर येतात. म्हणून पुस्तकाच्या मजकुरात अधोरेखन करण्यापेक्षा प्रत्येक पानावरून मुलाने स्वतः दोन प्रश्न काढावेत, समासात लिहावेत आणि आठवड्याने स्वतःच सोडवावेत. मार्गदर्शिकेतले वन-लायनर पाठ केलेल्या मुलापेक्षा असं केलेलं मूल जास्त टिकतं.

ऑर्गॅनिकसाठी एका मोठ्या कागदावर सगळ्या रिॲक्शनचा नकाशा काढून घ्यावा: अल्केनपासून हॅलाइड, तिथून अल्कोहोल, अल्डिहाइड, ॲसिड, अमाइड, अमाइन. बाणावर रिएजंट. नकाशा दर पंधरा दिवसांनी न बघता पुन्हा काढायचा. नेम रिॲक्शनमध्ये सापळे ठरलेले असतात. हॉफमन डिग्रेडेशनमध्ये अमाइनला एक कार्बन कमी होतो, म्हणून ॲसिटामाइडपासून मिथिलअमाइन मिळतं; पर्यायांत इथिलअमाइन असणारच. अल्डॉलला अल्फा हायड्रोजन लागतो, कॅनिझारोला तो नसावा लागतो. या दोन वाक्यांवर अनेक प्रश्न सुटतात.

फिजिकल केमिस्ट्रीत मुलं चिन्ह आणि एकक यांत घसरतात. २ बार बाह्य दाबाविरुद्ध वायू ३ डेसिमीटर घनवरून ८ वर प्रसरण पावला, तर कार्य उणे १० डेसिमीटर घन-बार, म्हणजे उणे १ किलोज्यूल. अधिक १ किलोज्यूल हा पर्याय तिथे असतोच आणि घाईत तोच निवडला जातो. कोलिगेटिव्ह प्रॉपर्टीत व्हँट हॉफ फॅक्टर विसरतात: सोडियम क्लोराइडला २, पोटॅशियम सल्फेटला ३, ॲल्युमिनियम क्लोराइडला ४. गतिकीत फर्स्ट ऑर्डरसाठी सूत्र लिहायची गरज बऱ्याचदा पडत नाही: ७५ टक्के पूर्ण व्हायला दोन हाफ लाइफ, ८७.५ टक्क्यांना तीन, ९९.९ टक्क्यांना जवळपास दहा. हे पाठ असेल तर मिनिटाचा प्रश्न दहा सेकंदांत होतो.

कॅल्क्युलेटर आणि लॉग टेबल नेता येत नाही. २, ३, ५, ७ यांचे लॉग (०.३०१०, ०.४७७१, ०.६९९०, ०.८४५१) पाठ हवेत. बाकी आकड्यांचे लॉग यांतूनच काढायचे: ६ चा म्हणजे २ आणि ३ च्या लॉगची बेरीज.

फिजिक्स: आधी गुणोत्तर, मग किंमत

सीईटीच्या फिजिक्समध्ये ‘किती पट होईल’, ‘किती टक्के बदलेल’, ‘गुणोत्तर काय’ असे प्रश्न भरपूर असतात. मुलं सवयीने पूर्ण सूत्र लिहून सगळ्या किमती घालायला लागतात. तारेला ताणून लांबी दुप्पट केली तर रोध चौपट होतो, कारण लांबी वाढताना जाडी कमी होते. लांबी १० टक्के वाढवली तर रोध २१ टक्के वाढतो. २० टक्के हा पर्याय जवळचा म्हणून ठेवलेला असतो. यंगच्या प्रयोगाची मांडणी पाण्यात बुडवली तर फ्रिंजची रुंदी तीन चतुर्थांश होते. असे प्रश्न वेगळ्या वहीत, फक्त गुणोत्तर लिहून, रोज दहा सोडवून घ्यावेत.

तापमान हा कायमचा खड्डा. वायूचा आरएमएस वेग दुप्पट व्हायला २७ अंश सेल्सिअसचं तापमान किती करावं लागेल? वेग दुप्पट म्हणजे केल्विन तापमान चौपट: ३०० चे १२००, म्हणजे ९२७ अंश सेल्सिअस. ५४ आणि १०८ हे पर्याय सेल्सिअसमध्येच गुणणाऱ्यांसाठी असतात. अशीच गफलत पाइपच्या एंड करेक्शनमध्ये होते. ते व्यासाच्या ०.३ पट, म्हणजे त्रिज्येच्या ०.६ पट. एका बाजूने बंद पाइपला एकदा मिळवायचं, दोन्ही बाजूंनी उघड्या पाइपला दोनदा. प्रश्नात त्रिज्या दिली आहे की व्यास, हे वाचताना बोट ठेवून बघायला शिकवा.

रोलिंगच्या प्रश्नांसाठी चार-पाच आकडे पाठ असले की पुरे. उतारावरून घरंगळताना भरीव गोळ्याचं त्वरण ‘जी साइन थीटा’च्या पाच सप्तमांश, चकतीचं दोन तृतीयांश, कड्याचं निम्मं. त्यामुळे गोळा आधी खाली पोहोचतो, कडं शेवटी. वस्तुमान आणि त्रिज्येने फरक पडत नाही. सेमीकंडक्टर, ड्युअल नेचर आणि न्यूक्लिअर ही प्रकरणं छोटी आहेत, सूत्रं मोजकी आहेत आणि प्रश्न सरळ येतात. मागे असलेल्या मुलाला आधी ही द्यावीत. रोटेशन आणि एसी सर्किट नंतर.

गणित: बोर्डाची सवय कुठे नडते

बोर्डात प्रत्येक पायरीला गुण असतात, म्हणून मुलं पायरी गाळायला घाबरतात. सीईटीत फक्त पर्यायाला गुण. त्यामुळे गणित दोनदा शिकवावं लागतं: एकदा रीतीने, एकदा पर्यायांकडे पाहून.

इंडेफिनिट इंटिग्रेशनमध्ये दिलेल्या पर्यायांचं डिफरन्सिएशन करून पाहणं अनेकदा सोपं जातं. डेफिनिट इंटिग्रेशनमध्ये, वरच्या आणि खालच्या मर्यादेची बेरीज घेऊन त्यातून एक्स वजा केल्यावर अंश आणि छेदातलं दुसरं पद यांची अदलाबदल होत असेल, तर उत्तर सरळ मर्यादांच्या फरकाच्या निम्मं. शून्य ते पाय बाय टू असेल तर पाय बाय फोर, साइनचा घात कितीही असो. ट्रिगनॉमेट्रीच्या आयडेंटिटीत थीटाला ३० किंवा ४५ अंश घालून दोन पर्याय लगेच बाद होतात. शून्य अंश घालू नका. बऱ्याचदा दोन-तीन पर्याय सारखेच येतात.

पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्समध्ये एक चूक वर्षानुवर्षं दिसते. एक्स वर्ग वजा ५ एक्सवाय अधिक ६ वाय वर्ग बरोबर शून्य, या रेषांच्या चढांची बेरीज विचारली. एक्सवायचा सहगुणक म्हणजे ‘टू एच’, म्हणून बेरीज ५/६. मूल ५ लाच ‘एच’ समजतं आणि ५/३ काढतं. ५/३ पर्यायात असतोच, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. इन्व्हर्स ट्रिगनॉमेट्रीत साइन इन्व्हर्स ऑफ साइन १२० अंश याचं उत्तर ६० अंश, कारण प्रिन्सिपल व्हॅल्यू ९० च्या पुढे जात नाही. लॉजिकमध्ये ‘पी असेल तर क्यू’ याचं नकारार्थी ‘पी आहे आणि क्यू नाही’ असं होतं. ‘पी नसेल तर क्यू नाही’ हे इन्व्हर्स आहे. या तिन्ही चुका समज असूनही होतात. उपाय एकच: चुकीचा पर्याय कोणत्या चुकीतून तयार झाला, हे मुलाकडून बोलून घ्यावं. पेपर काढणाऱ्याच्या बाजूने विचार करायला लागलं की मूल स्वतःला पकडतं.

बायोलॉजीबद्दल थोडक्यात: १०० प्रश्न, ९० मिनिटं, पुस्तकाबाहेरचं जवळपास काही नाही. आकृत्यांवरची नावं झाकून लिहायचा सराव आणि तक्ते पाठ, यांवर भर द्या.

चुकांची वही

पूर्ण पेपर दिल्यावर गुण मोजून वही मिटली तर तीन तास फुकट गेले. पेपरला जितका वेळ लागला तितकाच विश्लेषणाला द्यावा. वहीत चार रकाने आखावेत: प्रकरण, प्रश्न दोन शब्दांत, चुकीचा प्रकार, पुन्हा सोडवल्याची तारीख. चुकीचे प्रकार चारच ठेवा. ‘मा’ म्हणजे माहीत नव्हतं, ‘वा’ म्हणजे वाचनात चुकलं, ‘आ’ म्हणजे आकडेमोड, ‘वे’ म्हणजे वेळ पुरला नाही. नशिबाने बरोबर आलेला प्रश्नही ‘मा’मध्ये लिहायचा, मुलं तो लपवतात, म्हणून पेपर देतानाच अंदाजाच्या प्रश्नासमोर रफ कागदावर टिंब करायला सांगा.

समजा फिजिक्समध्ये ५० पैकी २९ बरोबर आले. उरलेल्या २१ पैकी ‘मा’ ६, ‘वा’ ५, ‘आ’ ४, ‘वे’ ६. म्हणजे नवीन काही न शिकता १५ गुण वाढू शकतात. अशा मुलाला पुन्हा सगळा अभ्यासक्रम वाचायला बसवणं चूक आहे. ‘वा’ जास्त असतील तर आठवडाभर प्रत्येक प्रश्नात ‘काय विचारलं’ हे रफ कागदावर एका शब्दात लिहूनच पुढे जायचं. ‘नॉट’ आणि ‘इनकरेक्ट’ असलेले प्रश्न यातच सुटतात. ‘आ’ जास्त असतील तर रोज पंधरा मिनिटं अपूर्णांक, तीसपर्यंतचे वर्ग आणि दशांशाचे भागाकार, अगदी पाचवीच्या मुलासारखे. वय वाढलं म्हणून हे करायला लाज वाटू देऊ नका.

सराव स्क्रीनवरच करावा. छापील पेपरवर मूल प्रश्नाशेजारीच आकडे मांडतं. परीक्षेत प्रश्न स्क्रीनवर आणि रफ काम कागदावर असतं, आणि या उतरवण्यात उणे चिन्ह गळतं, ६ चा ० होतो. रफ कागदावर प्रश्नक्रमांक लिहून, खाली रेघ मारून मगच पुढचा प्रश्न घ्यायची शिस्त लावावी. परत तपासताना याचा फार उपयोग होतो.

पेपर सोडवण्याचा क्रम

पहिल्या ९० मिनिटांत केमिस्ट्री आधी, ३५ मिनिटांत. ज्या प्रश्नात मोठी आकडेमोड दिसते तो ‘मार्क फॉर रिव्ह्यू’ करून पुढे जायचं. मग फिजिक्स ५० मिनिटं, तीही दोन फेऱ्यांत: पहिल्या फेरीत थिअरी, गुणोत्तर आणि एका सूत्राचे प्रश्न, दुसरीत बाकीचे. शेवटची पाच मिनिटं रिकाम्या जागा भरायला. घड्याळात तीन मिनिटं उरली की मधला प्रश्न अर्धवट सोडून सगळे रिकामे प्रश्न भरून टाकायचे, कारण भाग आपोआप बंद होतो आणि तेव्हा हातात काही राहत नाही.

गणितात ४५ मिनिटांची पहिली फेरी. यात फक्त वाचताक्षणी वाट दिसणारे प्रश्न. एकाही प्रश्नावर तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ नाही. तीन मिनिटांत सुटला नाही तर तो तुम्हाला येत असला तरी आत्ता येत नाही. दुसरी फेरी ३५ मिनिटं. उरलेली दहा मिनिटं पर्याय घालून पाहायला आणि अंदाजाला.

निगेटिव्ह मार्किंग नसल्याने एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. अजिबात कल्पना नसलेल्या प्रश्नांना एकच पर्याय ठरवून द्यावा; वेळ वाचतो. गणितातले १२ प्रश्न असे भरले तर सरासरी ३ बरोबर येतात, म्हणजे ६ गुण. दोन पर्याय बाद करता आले तर हीच शक्यता दुप्पट होते. प्रत्येक उत्तरानंतर ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबलं आहे ना, हे सरावातच अंगवळणी पाडा. पर्यायावर क्लिक करून थेट पॅलेटवरच्या (स्क्रीनवरच्या प्रश्नक्रमांकांच्या यादीतल्या) दुसऱ्या क्रमांकावर उडी मारली तर उत्तर जतन होत नाही.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे मुलाला आणि आजी-आजोबांनाही आधीच समजावून ठेवा. परीक्षा अनेक शिफ्टमध्ये होते. एका शिफ्टमध्ये १०,००० मुलं असतील आणि त्यातल्या ९,५०० जणांना तुमच्याइतके किंवा कमी गुण असतील तर तुमचं पर्सेंटाइल ९५. कठीण शिफ्ट मिळाली तर सगळ्यांचेच गुण कमी येतात, म्हणून पेपर जड वाटला की घाबरून क्रम बदलायचा नाही. घरच्यांनी ‘त्या शिफ्टला सोपा होता म्हणे’ हे पेपरच्या आधी बोलू नये.

परीक्षेच्या आसपास

शेवटचे पाच दिवस नवीन पेपर नको. फक्त चुकांची वही, रिॲक्शनचा नकाशा आणि सूत्रं. शिफ्ट सकाळची असेल तर आठवडाभर आधीपासून त्याच वेळी अभ्यासाला बसवा. रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या मुलाचा मेंदू सकाळी नऊला जागा होत नाही. हॉलतिकीट आणि मूळ फोटो ओळखपत्र यांवरचं नाव जुळतं का, हे हॉलतिकीट मिळाल्याच दिवशी बघावं. सेंटर दुसऱ्या गावात असेल तर आदल्या दिवशी जाऊन जागा पाहून यावी.

पेपर झाल्यावर मुलाच्या लॉगिनमध्ये त्याने दिलेली उत्तरं आणि उत्तरसूची दिसते. एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर ठरलेल्या मुदतीत शुल्क भरून आक्षेप नोंदवता येतो. आक्षेपाला राज्य मंडळाच्या पुस्तकातल्या पानाचा आधार जोडावा. क्लासच्या नोट्स जोडून उपयोग नाही. त्याच दिवसांत प्रवेशाची कागदपत्रं एका फाइलमध्ये लावायला घ्या: डोमिसाइल, दाखला, गुणपत्रिका, लागू असेल तर जातीचं प्रमाणपत्र, जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस. जात पडताळणीला महिने लागू शकतात, म्हणून तो अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करून ठेवावा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत कधी संपते तेही पाहून ठेवा. मुदत संपलेलं प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळी चालत नाही आणि नवीन काढायला तेव्हा तहसीलमध्ये रांग असते.